स्वतःचं स्ट्रिंग कंपेअर फंक्शन: गुळाचा अख्खा सीझन वापरून झाल्यावर

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी सी या प्रोग्रामिंग भाषेत शेतकऱ्यांच्या हिशोबाचा प्रोग्राम लिहिलाय, त्यात गावांची यादी लावायला सी मधलं तयार स्ट्रसीएमपी (strcmp, दोन स्ट्रिंगची म्हणजे मजकुरांची तुलना करणारं फंक्शन) न घेता स्वतःचं फंक्शन घातलंय. दिवाळीपासून रोज चालतंय, त्यामुळं आता खात्रीनं सांगतो, लिहिण्यासारखं आहे.

एवढा खटाटोप ळ साठी. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, ळ बसलाय ल आणि व च्या मधे आणि स्ट्रसीएमपी नुसते बाइट, म्हणजे अक्षर साठवायचे आकडे, बघतंय, त्यामुळं कळंबा आधी आणि कसबा बावडा नंतर येतंय, आपल्या मुळाक्षरांत तर ळ ह च्या नंतर. दिवाणजी छापलेल्या यादीवर बोट फिरवत गाव शोधतात, त्यांना बावडा वर पाहिजे, आणि त्यांचं बरोबरच आहे की! यादी वाचणाऱ्यासाठी असते.

माझं फंक्शन तीन बाइटचं एक अक्षर उचलतं, टेबलातून त्याचा क्रमांक काढतं आणि क्रमांकांची तुलना करतं. क्ष आणि ज्ञ ला मात्र लई वेळ गेला, कारण क्ष म्हणजे क, हलंत, ष असे तीन कोड, म्हणजे पुढं डोकावून बघावं लागतं.

लिहिणार असाल तर बाइट अनसाइन्ड कॅरेक्टर (0 ते 255, वजा आकडा नाही) म्हणूनच वाचा. साधा कॅरेक्टर साइन्ड (वजा आकडेही धरणारा) की अनसाइन्ड हे सी नं कंपायलरवर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामवर, सोडलंय, इंटेलच्या पीसीवर सहसा साइन्ड, तिथं देवनागरीचा पहिला बाइट 224 चा वजा 32 होतो आणि मराठी नावं इंग्रजीच्या वर चढतात, रास्पबेरी पाय वर लिनक्समध्ये तोच कोड त्यांना खाली टाकतो. आणि उत्तर शून्य, शून्याहून कमी किंवा जास्त असंच द्या, क्यूसॉर्टला (यादी क्रमानं लावणारं सी मधलं फंक्शन) तेच लागतं, नुसतं हो-नाही देऊन भागत नाही.

स्पीडचं म्हणाल तर लायब्ररीतलं स्ट्रसीएमपी खूप पुढं आहे, ते प्रोसेसरच्या खास इन्स्ट्रक्शन वापरून एका दमात बरेच बाइट तपासतं. पण काही हजार नावांना फरक जाणवत नाही. पावती नंबर जुळतोय का एवढंच बघायचं असेल तिथं मी अजून स्ट्रसीएमपीच वापरतो.

एक राहिलंय. गिऱ्हाईक मधला ऱ एका कोडनं पण येतो आणि र ला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून पण, दिसायला सेम, बाइट वेगळे. सध्या एंट्री होतानाच दोन्ही एकसारखे करून ठेवतोय.