जुन्या गेमची ‘ओरिजिनल’ सीडी घेताना माझी दोनदा झालेली फसवणूक

गेल्या नोव्हेंबरात ‘ओनिमुशा: वॉरलॉर्ड्स’ या प्लेस्टेशन टू (पीएस टू) या गेमयंत्रावरच्या जुन्या गेमच्या मूळ सीडीसाठी (असते ती डीव्हीडी, पण आम्ही सगळे सीडीच म्हणतो) मी एका विक्रेत्याला ४,८०० रुपये दिले, आणि ते परत मिळवण्याच्या खटपटीत त्याच माणसाला आणखी ४,८०० रुपये देऊन बसलो. जुने गेम जमवणारे, किंवा लहानपणी खेळलेला एखादा गेम पुन्हा हाताशी असावा असे वाटणारे पुष्कळ लोक आपल्याकडे आहेत. त्यांच्यापैकी कोणी याच रीतीने फसू नये म्हणून घडले ते सविस्तर लिहितो आहे.

मी एवढी किंमत द्यायला का तयार झालो, हे गेमविषयी थोडे सांगितल्याशिवाय कळणार नाही. कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘ओनिमुशा’ जानेवारी २००१ मध्ये जपानमध्ये प्रकाशित केला. आपल्याच ‘रेसिडेंट ईव्हिल’ या गेमचा भयपटासारखा साचा जपानमधल्या सामुराईंच्या युद्धकाळात नेऊन बसवायचा, ही त्यामागची मूळ कल्पना होती. गोष्ट १५६० सालची, ओकेहाझामाच्या लढाईपासून सुरू होणारी. ओडा नोबुनागा या सरदाराच्या गळ्यात बाण रुततो, तो मरतो आणि राक्षसांच्या कृपेने पुन्हा उठतो. त्यानंतर इनाबायामा किल्ल्यात अडकलेल्या युकी राजकन्येला शोधत सामानोसुके नावाचा सामुराई आत शिरतो. तलवारबाजी असली तरी भीती कुठेही सुटत नाही, कारण कॅमेरा प्रत्येक खोलीत एका जागी खिळलेला असतो आणि वळणापलीकडच्या राक्षसाची पावले आधी ऐकू येतात, तो दिसतो नंतर. बाण आणि बंदुकीच्या गोळ्या मोजक्याच मिळतात, प्रगती साठवायची ती ठरावीक ठिकाणी ठेवलेल्या जादूच्या आरशांपाशीच. मारलेल्या राक्षसांचे आत्मे वर्तुळाचे बटण दाबून धरले की हातातल्या कवचात ओढले जातात, पण तेवढा वेळ आपल्याला वार करता येत नाही. पाठीमागून दुसरा राक्षस येत असताना ते बटण धरून ठेवायचे की सोडायचे, हा निर्णय मी शाळकरी वयात शेकडो वेळा घेतला असेन.

आणि त्या गेमचे संगीत. पारंपरिक जपानी वाद्यांसह २०० हून अधिक वादकांच्या वाद्यवृंदाने ते वाजवले होते. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये ताकाशी निगाकी या संगीतकाराने जाहीर सांगितले की, मामोरू सामुरागोची यांच्या नावावर असलेल्या रचना १८ वर्षे आपणच लिहीत होतो. सामुरागोचींची ख्याती बहिरेपणावर मात करून संगीत रचणारा माणूस अशी होती, आणि ‘ओनिमुशा’चे संगीतही त्यांच्याच नावावर होते. जानेवारी २०१९ मध्ये हा गेम नव्या यंत्रांसाठी नव्या रूपात आला, तेव्हा त्यात ते संगीत नव्हते, वेगळेच होते. चित्र स्वच्छ झाले, चालणे सोपे झाले, पण ज्या सुरांवर माझी किशोरवयाची दोन वर्षे गेली ते सूर गेले. नावाचा वाद काहीही असो, त्या दोनशे वादकांनी जे वाजवले ते खरेच होते, असे मी मानतो. ते ऐकायचे तर २००१ ची सीडीच हवी, आणि ती आयुष्यात एकदा तरी खरी हवी, असे मनाने घेतले होते.

‘खरी’ म्हणण्याचे कारण असे की आम्ही सांगलीला हा गेम खेळलो तो नकली सीडीवर. आमच्या आतेभावाने, म्हणजे दादाने, मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून प्लेस्टेशन टू आणला तो नकली सीडीही चालाव्यात म्हणून आत चिप बसवूनच आणला होता. त्या काळी आमच्या ओळखीत बिनचिपेचा पीएस टू कोणाकडेच नव्हता. सीडी काळ्या मार्करने नाव लिहिलेल्या, प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटातल्या असत. तोच पीएस टू दादाने पुढे मला दिला आणि आज पुण्यात माझ्या घरी तो चालू स्थितीत आहे. ही चिपच पुढे माझ्या डोळ्यांवरची पट्टी ठरली.

जुन्या वस्तू विकण्याच्या एका ॲपवर मला ती जाहिरात दिसली: ‘ओनिमुशा, ओरिजिनल पाल, केस आणि सीडी, मॅन्युअल नाही’. फोटोत डबा नीट दिसत होता, कण्यावर ‘एसएलईएस’ने सुरू होणारा क्रमांक वाचता येत होता. युरोपसाठी निघालेल्या आणि ‘पाल’ या टीव्ही-चित्रपद्धतीच्या यंत्रांवर चालणाऱ्या बहुतेक सीडींवर अशाच अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, तर अमेरिकेतल्या सीडींवर तो बहुधा ‘एसएलयूएस’ने सुरू होतो. एवढे मला ठाऊक होते, आणि एवढे ठाऊक आहे म्हणजे आपण फसणार नाही असाही माझा समज होता. विक्रेता फोनवर अतिशय अदबीने बोलला. “दादा, माझी स्वतःची कॉपी आहे, लंडनहून मामांनी आणलेली. घरी आता यंत्र नाही, नाहीतर विकली नसती,” असे तो म्हणाला. मी सीडीचा मागच्या बाजूचा फोटो मागितला, तेव्हा त्याने फोटोऐवजी व्हिडिओ पाठवला. त्यात सीडी यंत्रात जाते, झाकण बंद होते, कॅपकॉमचे चिन्ह येते आणि सुरुवातीची लढाई सुरू होते. ते संगीत कानावर पडले आणि मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. घरी यंत्र नाही असे म्हणणाऱ्या माणसाने हा व्हिडिओ कोणत्या यंत्रावर काढला, हा तो प्रश्न होता.

पैसे यूपीआयने पाठवले, सहाव्या दिवशी कुरिअर आले. सीडी माझ्या यंत्रात लगेच चालली. मी एका रात्रीत किल्ल्याच्या आतल्या अंगणापर्यंत पोहोचलो आणि समाधानाने झोपलो.

उलगडा झाला तो दोन आठवड्यांनी, कोथरूडला मित्राच्या घरी. त्याच्याकडे चांगले स्पीकर आहेत आणि त्याच्या वडिलांनी दुकानातून बिल करून घेतलेला, चिप बसवायला कधीही न उघडलेला पीएस टू आहे. संगीत ऐकायला म्हणून मी सीडी घेऊन गेलो. सीडी आत गेली, फिरण्याचा आवाज आला, आणि पडदा लाल झाला. प्लेस्टेशनची किंवा प्लेस्टेशन टूची सीडी घाला, अशी इंग्रजी सूचना त्यावर आली. आम्ही सीडी पुसून तीनदा घातली, तिन्ही वेळा तोच लाल पडदा. मित्राची स्वतःची सीडी मात्र पहिल्याच वेळी चालली.

कारखान्यात छापलेल्या सीडीवर अशी एक खूण असते जी घरच्या बर्नरला, म्हणजे संगणकावर सीडी लिहिणाऱ्या यंत्राला, लिहिता येत नाही. यंत्र आधी ती खूण शोधते आणि सापडली नाही तर गेम सुरूच करत नाही. चिप हीच तपासणी गुंडाळून टाकते. म्हणजे चिप बसवलेल्या यंत्रावर गेम चालताना दिसणे हा सीडी खरी असल्याचा पुरावा मुळीच नाही. विक्रेत्याचा व्हिडिओ आणि माझ्या घरची ती आनंदाची रात्र, दोन्ही तपासणी म्हणून सारखेच निरुपयोगी होते.

मग आम्ही दिव्याखाली बसून सीडी नीट पाहिली. खालची बाजू तिरपी धरल्यावर तिच्यात जांभळट झाक दिसत होती. मित्राची छापील सीडी मात्र स्वच्छ चांदीसारखी होती. (पीएस टूच्या काही खऱ्या सीडींची खालची बाजू निळी असते, तेव्हा केवळ रंग पाहून घाबरू नये; पण बर्न केलेल्या डीव्हीडीची जांभळट झाक वेगळी ओळखू येते.) मधल्या भोकाभोवतीच्या आरशासारख्या वर्तुळात खऱ्या सीडीवर कोरलेला क्रमांक आणि अगदी बारीक अक्षरे असतात. माझ्या सीडीवर तिथे कोऱ्या डीव्हीडीवर असतो तसला आकड्यांचा एक ठसा होता. वरच्या चित्रावर ओले बोट फिरवले, तर सामानोसुकेच्या कवचाचा लाल रंग बोटाला लागला. शेवटचा पुरावा तर पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होता. डब्याच्या कण्यावर ‘एसएलईएस’ होते आणि सीडीच्या तोंडावर ‘एसएलयूएस’. डबा कदाचित खरा असेलही, पण आतली सीडी अमेरिकेतल्या सीडीच्या चित्राची छपाई चिकटवलेली नक्कल होती. मला वाईट वाटले ते पैशांपेक्षा जास्त या गोष्टीचे की मी चाळीस वेळा तरी तो डबा हातात घेतला होता आणि ते दोन क्रमांक एकदाही शेजारी शेजारी वाचले नव्हते.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा त्याने वाद घातला नाही, हेच मला त्या वेळी चांगले लक्षण वाटले. “सर, चुकून दुसरी गेली असेल, मी लगेच पूर्ण रिफंड करतो,” असे म्हणून त्याने एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन केला की पैसे तुमच्या खात्यात येतील, असे त्याने सांगितले. कोडखाली ४,८०० हा आकडा आणि ‘रिफंड’ हा शब्द होता. मी कार्यालयात होतो, तो फोनवर सतत बोलत होता, “सर, दोन मिनिटांत एक्स्पायर होईल, लवकर करा.” मी स्कॅन केले, पिन टाकला, आणि पैसे गेल्याचा संदेश आला. ‘रिफंड’ हा शब्द त्यानेच व्यवहाराच्या टिपेत लिहिलेला होता. त्याच्या वर, जराशा मोठ्या अक्षरांत, पैसे देत असल्याचे लिहिलेले होते आणि ते मी वाचले नाही. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. पैशांच्या व्यवहारात पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार. हे मला त्याआधीही माहीत होते. पण रागावलेल्या आणि घाईत असलेल्या माणसाला माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवतेच असे नाही, आणि समोरचा नेमका त्याच वेळेची वाट पाहत असतो.

त्यानंतर तो म्हणाला, “सर्व्हर डाउन आहे, दोन्ही रकमा एकदमच परत येतील,” आणि मी दोन दिवस थांबलो. त्या दोन दिवसांची मला सर्वांत जास्त खंत आहे. अशा फसवणुकीत १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने फोन केला, तर पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंत ते रोखता येतात. मी तिसऱ्या दिवशी फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, तोपर्यंत खाते रिकामे झाले होते. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि दोन्ही व्यवहारांची वेळ, व्यवहार क्रमांक, जाहिरातीचा फोटो आणि संभाषणाच्या प्रती वेगवेगळ्या जोडायला सांगितल्या. मी रागाच्या भरात अर्धे संभाषण पुसून टाकले होते. कोणीही ते करू नये. तक्रार क्रमांक मिळाला आहे, पैसे मिळालेले नाहीत.

यापुढे जुनी सीडी घेताना मी काय करणार आहे, ते सांगतो. विक्रेत्याकडे गेमचा व्हिडिओ मागणार नाही. सीडीच्या खालच्या बाजूचा तिरप्या उजेडातला फोटो, मधल्या वर्तुळाचा जवळून फोटो, आणि सीडी व कण्यावरचे क्रमांक एकाच चौकटीत दिसतील असा फोटो, त्या दिवशीची तारीख कागदावर लिहून शेजारी ठेवून मागेन. ज्याच्याकडे सीडी खरी आहे त्याला हे करायला दहा मिनिटे पुरतात. शक्य असेल तिथे प्रत्यक्ष भेटून, मित्राच्या बिनचिपेच्या यंत्रावर चालवून मगच पैसे देईन.

परवा तीच जाहिरात मला पुन्हा दिसली, वेगळ्या नावाने आणि ५,२०० रुपयांना. फोटो तोच आहे, कारण डब्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर फाटलेल्या किंमतपट्टीचा पांढरा त्रिकोणी तुकडा चिकटलेला आहे, आणि तो डबा या क्षणी माझ्या टेबलावर पडला आहे.