रायझन ५ ७६०० प्रोसेसर : आज अर्धा पीसी, उरलेला सवडीने

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने आधी जुन्या एएम४ सॉकेटचाच (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) सेट पुढे सरकवला. ‘‘भाऊ, तेवढ्याच पैशांत ग्राफिक्स कार्डही बसेल.’’ हिशेब त्याचा बरोबर होता. पण धाकट्याला एकच मदरबोर्ड बरीच वर्षं चालवायचाय. २०१७ च्या कितीतरी एएम४ बोर्डांवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो. तशी सोय आता नव्या एएम५ सॉकेटवरच मिळेल. म्हणून ७६०० आणि एएम५ चा बी६५० बोर्ड.

सहा कोर, ६५ वॅट, कूलर डब्यातच. शिवाय आत छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्डाचे पैसे जमेपर्यंत पीसी धूळ खात पडत नाही. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर भागतं, मोठ्या गेमचं नाव काढू नका.

रॅमचं मात्र नीट बघा. डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या की वेग बहुधा खाली आणावा लागतो. त्यामुळे ‘आता ८-८ च्या दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत नको. १६ जीबीची एकच घेतली, जोडीदार दिवाळीला. तोवर एकाच स्टिकवर आतलं ग्राफिक्स थोडं रडतं, रडू दे.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा बिननावाचा पॉवर सप्लाय सरळ नाकारला आणि ६५० वॅटचा ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घेतला. पुढचं कार्ड त्याच्याच जिवावर चालणार.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. रॅमची जुळवाजुळव चालू असते, घाबरून बटण दाबू नका. तक्रार एकच : या स्वस्त बोर्डावर वायफाय नाही, डोंगल वेगळा घ्यावा लागला.