अहमदपूरचं तहसीलजवळचं डीटीपी-छपाईचं दुकान : अपक्ष उभं राहायचं असेल तर इथंच जा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं सांगतो.

काम होतं २०२४ च्या विधानसभेचं. आमचे डॉक्टरसाहेब पशुसंवर्धन खात्यातून रिटायर झालेले, सगळी नोकरी लातूर-नांदेडच्या खेड्यापाड्यांत गेली, लंपीच्या साथीत लोकांच्या गोठ्यात रात्री-बेरात्री उभा राहिलेला माणूस, ते अपक्ष उभे राहिले. पाठीमागं पक्ष नाही, एजन्सी नाही, आम्ही चारदोन ओळखीचे अन हे दुकान, एवढंच.

आधी अर्जाचं सांगतो कारण खरा फरक तिथंच कळतो. फॉर्म टाईप करून देणारे लई जण आहेत, तुम्ही द्याल ते टाईप करायचं, प्रिंट काढायची, पैसे घ्यायचे, विषय संपला. हा मालक आधी वाचतो. उमेदवारी अर्जासोबत लागणारं नमुना २६ चं शपथपत्र समोर घेतलं अन डॉक्टरांना पहिलाच प्रश्न टाकला, "साहेब, मागच्या दहा वर्षांत सरकारी क्वार्टरमधी राहिलाव का?" राहिले होते ना, दवाखान्याच्या मागंच. मग म्हणला, "मंग भाडं, लाईट, पाणी, टेलिफोन, सगळ्याचा नो ड्यूज, बाकी नसल्याचा दाखला लागतोय, आजच माणूस पाठवा, शेवटच्या दिवशी कोणी सही करायला सापडत नसतंय." रिटायर सरकारी माणसाच्या बाबतीत हे कुणाच्याच डोक्यात येत नाही, आमच्या बी आलं नव्हतं, अन शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, नेमकी धनत्रयोदशी. त्या दिवशी ऑफिसात कोण भेटलं असतं सांगा.

रकाना एक बी मोकळा सोडू देत नाही. जिथं काही नाही तिथं 'निरंक' नायतर 'लागू नाही' लिहायचंच, बायकोच्या नावावर गाडी नाही तरी लिहायचं. रकाना कोरा राहिला अन निवडणूक अधिकाऱ्यानं सांगून बी भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो, सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे तसा, अन हे त्याला तोंडपाठ आहे. अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात (मान्यताप्राप्त पक्षवाल्याला एकच पुरतो), तर त्यानं प्रत्येकाचा यादी भाग अन अनुक्रमांक मतदार यादीत बोट ठेवून बघितला. त्यात एकजण असा निघाला की राहतो इथं पण नाव लातूर शहरात. लगेच बदलला. फोटोचं बी तसंच, मतदानाच्या मशीनवर लागणारा फोटो २ बाय अडीच सेंटीमीटर, पाठीमागं पांढरं, टोपी नको, काळा चष्मा नको. डॉक्टर कायम टोपीत असतात, पण ती काढून परत फोटो काढायला लावला.

आता छपाई. याच्याकडं पत्रक टाकायचं तर आधी प्रकाशकाचं घोषणापत्र, दोन प्रतीत, ओळखीच्या दोघांच्या सह्या घेऊन, मगच मशीन चालू. पत्रकाच्या खाली मुद्रक, प्रकाशक, पत्ते, किती प्रती, सगळं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क आहे, मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद नायतर २००० रुपयांपर्यंत दंड, नायतर दोन्ही. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला बिननावाचं छापून देतो म्हणले होते, थोडं स्वस्तात. ज्या माणसाच्या सर्व्हिस बुकात एक डाग नाही त्याच्या नावानं असलं पत्रक फिरलं असतं तर काय राहिलं असतं? तिथून सरळ उठून आलो.

मजकुरात बी मालकाचं डोकं चालतं. डॉक्टरांनी पूर्ण नोकरीचा इतिहास लिहून आणला होता, बदल्या, प्रशस्तिपत्रं, सगळं. मालक म्हणला, "साहेब, हे लोकायला माहितच हाय, तुमी आता काय करणार ते लिवा." मग सोयाबीन वर घेतलं (तेव्हा हमीभाव ४८९२ अन मोंढ्यात त्याच्या खालीच चाललेलं), जनावरांच्या दवाखान्यातली रिकामी पदं घेतली, अन अक्षर एवढं मोठं ठेवलं की म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यावं. डॉक्टरांचं चिन्ह कपबशी, त्याचं चित्र बी नेटवरून उचललं नाही, आयोगाच्या यादीतलं घेतलं, म्हणजे पत्रकावर जे दिसलं तेच बटणापाशी दिसणार.

आता अर्धा स्टार. ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली की मग अपक्षाला चिन्ह मिळतं, अन प्रचार बंद १८ ला संध्याकाळी, म्हणजे हातात दोनच आठवडे. चिन्ह मिळायच्या आदल्या दिवशी भाऊबीज, दुकानातली पोरं गावाकडं गेलेली, पत्रकं शब्द दिल्यापेक्षा उशिरा मिळाली अन तेवढ्यात फोन बी उचलत नव्हता. मोठ्या पक्षाचं चिन्ह लोकांना आधीच पाठ असतं, अपक्षाचा एकेक दिवस मोलाचा असतो, हे एवढं जाणणाऱ्या माणसानं तरी जपायला पाहिजे होतं. सणात माणूसबळ कमी असतं ते कळतं, पण मग शब्दच उशिराचा द्यायचा ना. फ्लेक्सचा निळा रंग बी दाखवला एक अन आला दुसरा.

पण बिलं! ४० लाखाची मर्यादा असते, आमचा खर्च त्याच्या आसपास बी नव्हता, तरी हिशोब सगळ्यांना सारखाच द्यावा लागतो. निवडणुकीचं वेगळं बँक खातं, एकाच माणसाला नायतर दुकानाला १०,००० च्या वर रोख चालत नाही, अन जिल्ह्याच्या दरपत्रकाशी आपला दर ताडून बघतात. याच्या प्रत्येक बिलावर साईज, नग, दर, तारीख, पैसे चेकनं आले का रोख, सगळं स्वच्छ. डॉक्टर पडले, एक षष्ठांश मतं काही झाली नाहीत म्हणून डिपॉझिटचे १०,००० बी गेले. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब दिला नाही तर आयोग तीन वर्षं अपात्र करू शकतो, अन हरलेले उमेदवार नेमकं तिथंच गाफील राहतात. आमची फाईल एका बैठकीत पास झाली, एक बी नोटीस नाही. डॉक्टर परत उभे राहू शकतात, अन त्यांना राहायचं आहे.

रेट म्हणाल तर इतरांपेक्षा थोडे जास्त, मला जास्त वाटले नाहीत. अर्जाच्या कामाला जाणार असाल तर सूचकांची ओळखपत्रं सोबत न्या, दुपारच्या आधी जा, अन पत्रकाची तारीख कागदावर लिहून घ्या.