फरशीखाली काय आहे ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एक दिवस घरी बोलावलं आणि छत दाखवलं. आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली परातीएवढा ओलीचा डाग होता, रंगाचे पोपडे सुटले होते आणि कडेने पांढरा क्षार आला होता. काम तातडीने करायला हवं होतं. ओळखीतून एक ठेकेदार मिळाला.

माणूस गोड बोलायचा. "ताई, दहा दिवसांत बाथरूम नवं करून देतो, पाच वर्षं बघायला नको." ही हमी तोंडीच. कागदावर एकच ओळ होती, 'बाथरूम वॉटरप्रूफिंग व फरशी, मटेरियलसह', आणि खाली एकूण रक्कम. पाणी अडवायचं रसायन कुठलं, त्याचे किती हात (थर) मारणार, भिंतीवर किती उंचीपर्यंत, पाणी भरून कधी तपासणार, यातलं काहीच लिहिलं नव्हतं. पुढे भांडण झालं तेव्हा त्या कागदाचा आम्हाला काडीचा उपयोग झाला नाही.

अर्धे पैसे त्याने आधीच घेतले. फोडाफोडी झाल्यावर "मटेरियल उचलायचंय" म्हणून आणखी मागितले, मग मजुरांची मजुरी अडलीय म्हणून आणखी. काम अर्ध्यावरही आलं नव्हतं आणि दर शंभरातले ऐंशी रुपये त्याच्याकडे गेले होते. बाथरूम उखडून पडलेलं, घरात वयस्कर सासरे. अशा वेळी माणूस नाही म्हणू शकत नाही आणि फसवणाऱ्याला ते नेमकं ठाऊक असतं. त्यानंतर तीन आठवडे तो फिरकलाच नाही. फोन केला की एकच उत्तर, "उद्या माणसं पाठवतो."

मग एक दिवस मी कामावरून परतले तर फरशी बसलेली! सकाळी उघडा कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) दिसत होता आणि संध्याकाळी सगळं झाकून मोकळे. विचारलं तर म्हणाला, "सगळं केलंय ताई, तुम्ही घरी नव्हता ना." मी गप्प बसले. आमची खरी फसवणूक त्या संध्याकाळी झाली, कारण हे काम एका दिवसात होऊच शकत नाही. जुना थर साफ करायचा, भिंत आणि जमीन मिळते तिथल्या कोपऱ्यांना गोलाई द्यायची, मग रसायनाचा पहिला हात. तो सुकला की दुसरा हात आडवा मारायचा. भिंतीवर तो निदान वीतभर चढवायचा आणि शॉवरच्या बाजूला माणसाच्या उंचीपर्यंत. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेला जास्त जपायचं, कारण बरीच गळती तिथूनच सुरू होते. थर पूर्ण सुकल्यावर ट्रॅपला बूच लावून २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालचं छत बघायचं. ते कोरडं राहिलं तरच दर मीटरला १० ते १२ मिलिमीटर उतार देऊन फरशी. फरशीच्या सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट पाणी अडवत नाही, पाणी अडवतो तो खालचा थर. आणि तोच नंतर दिसत नाही.

दोन आठवड्यांत काकूंचं छत पुन्हा ओलं झालं. ठेकेदाराने लगेच हात झटकले. "पाइप फुटलाय ताई, ते काम वेगळं. त्याचे पैसे वेगळे पडतील." आम्ही ते देणारही होतो. पण एका जुन्या प्लंबरने आधी खात्री करून घ्यायला सांगितलं, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. नळाच्या पाइपात पाण्याचा दाब चोवीस तास असतो. तो फुटला असेल तर बाथरूम वापरा किंवा नका वापरू, गळती चालूच राहते. म्हणून आम्ही पाणी चालू ठेवून बाथरूम पाच दिवस बंद केलं. काकूंनी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. पाचव्या दिवशी ओल त्या रेघेच्या चांगली आत सरकली होती. मग ट्रॅपला बूच लावून नुसतं जमिनीवर रंग घातलेलं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रेघेबाहेर फिकट लालसर ओघळ आला. पाइपाचा काही संबंध नव्हता. नाण्याने फरशा ठोकून पाहिल्या तर ट्रॅपजवळच्या चार फरशा पोकळ वाजल्या. त्यातली एक उचलली, खाली भुसभुशीत रेती-सिमेंट निघालं. रसायनाचा एक हातसुद्धा नव्हता. सगळ्याचे तारखेसकट फोटो काढले.

तोवर मी फोनवर खूप आरडाओरडा केला होता. त्यातून काही निघालं नाही, आणि फोनवरचं बोलणं तो दुसऱ्या दिवशी नाकबूल करायचा. म्हणून बोलणं बंद केलं आणि लिहायला लागले. किती तारखेला किती पैसे दिले, काय ठरलं, काय झालं, फोटो, प्लंबरचं लेखी मत आणि शेवटी १५ दिवसांची मुदत. हे पत्र पोचपावतीसकट पाठवलं आणि व्हॉट्सॲपवरही टाकलं. "बघतो, काहीतरी करून देतो" एवढंच त्याने उलट लिहिलं. पण काम बिघडल्याचं नाकारलं नाही, हे त्याच्याच हातचं आमच्याकडे राहिलं. तुमच्याकडे पावत्या नसतील तर निदान पैसे मिळाल्याचा एकेक मेसेज तरी त्याच्याकडून घेऊन ठेवा.

ज्यांनी ओळख करून दिली होती त्यांना मध्ये घेऊन बसलो. तो म्हणाला, पुन्हा करून देतो. मी नाही म्हटलं, त्याचा हात परत लावून घ्यायचा नव्हता. उरलेले पैसे द्यायचे नाहीत आणि घेतलेल्यातले निम्मे त्याने तीन हप्त्यांत परत करायचे, असं ठरलं. पहिला हप्ता देताना त्याने एक कागद पुढे केला, 'काम समाधानकारक झाले, कोणतीही तक्रार नाही.' पूर्ण रक्कम हातात येईपर्यंत असल्या कागदावर चुकूनही सही करू नका. मी फक्त मिळालेल्या हप्त्याची पावती दिली. दोन हप्ते आले. तिसऱ्यासाठी दुसरं पत्र गेलंय.

नव्या मिस्त्रींशी टप्प्यांवर पैसे ठरवले आहेत. फोडून साफ झालं की एक भाग, पाण्याची चाचणी झाली की दुसरा, फरशीनंतर तिसरा आणि शेवटचा भाग महिनाभर वापरून झाल्यावर. काल त्यांनी स्वतःच मला बोलावून रसायनाचे सुकलेले दोन्ही हात दाखवले, मग ट्रॅपला बूच मारून पाणी भरलं. आज सकाळी काकूंनी छताचा फोटो पाठवला. पेन्सिलीची रेघ आहे, आत सगळं कोरडं आहे. अजून एक दिवस पाणी तसंच ठेवणार आहोत.