गणपतीतला शीण: मनगटाचा बिंदू की काशाची वाटी?
चतुर्थीला मुंबईकर घरात शिरले की माझं डोकं भणभणतं. इकडे मोदकांची उकड मळायची, तिकडे भजनवाल्यांना काळ्या वाटाण्याची उसळ. अशा वेळी चिनी वैद्यकातला 'नेइग्वान' बिंदू सोयीचा: मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधे, अंगठ्याने मिनिटभर दाबायचा. चुलीपुढे बसूनही जमतं. मळमळीवर त्याचा उपयोग अभ्यासांत दिसलाय, ताणावरचा पुरावा कच्चाच.

काशाच्या वाटीला खोबरेल हवं, दुसरं माणूस हवं, वेळ हवा. पण आरती आटोपल्यावर धाकटी नणंद पडवीत तळव्यांना वाटी घासते, तेल काळं पडतं आणि मी तिथेच घोरायला लागते. सासूबाई म्हणतात, उष्णता निघाली. (मला तो काशाचाच रंग वाटतो.) तरी माझं मत वाटीलाच.