मठ्ठा पांचट, बाकी फर्स्ट क्लास : गोरेगावच्या एका केटरिंगवाल्या काकूंचा अनुभव

आधी मठ्ठ्याचं सांगून टाकते, नंतर कौतुकाच्या भरात राहून जायला नको. मठ्ठा पांचट होता. आलं, मिरची, कोथिंबीर सगळं होतं पण मूळ ताकच पातळ, आणि दुसऱ्या वाढपाला तर बर्फ वितळून नुसतं पांढरं पाणी. अर्धा स्टार त्याचा कापलाय. उरलेले साडेचार का दिले ते आता सांगते, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ऑर्डर होती माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या जेवणाची. लग्न झालं ॲम्स्टरडॅमला, तो तिथेच नोकरीला आहे, आणि नवरा मुलगा, म्हणजे दोघेही नवरे मुलगेच, दुसरा आपला वसईचा. ख्रिश्चन, घरात मराठीच, त्याच्या आईचं मराठी तर माझ्यापेक्षा बरं आहे. सही-शिक्के तिकडे झाले, इकडे फक्त दोन्हीकडच्या माणसांना जेवू घालायचं होतं. एवढंच काम. त्याला अडीच महिने गेले.

आधी उपनगरातला एक हॉल बघितला, नाव नाही घेत. मॅनेजरने तारीख बघितली, रेट सांगितला, पावतीपुस्तक काढलं आणि विचारलं, वधूपक्षाचं आडनाव? मी म्हटलं वधू नाहीये. दुसऱ्या दिवशी फोन, ट्रस्ट धार्मिक आहे, नियमात बसत नाही. टोकन परत दिलं, तेवढं मान्य केलं पाहिजे. मग एक केटरर, त्याने मेनू वगैरे सगळं ठरवून झाल्यावर सांगितलं की आमच्या किचनमध्ये देव आहेत. अहो देव माझ्याही किचनमध्ये आहेत, गॅसच्या बरोब्बर वर.

गुरुजींचं वेगळंच. आमचे नेहमीचे गुरुजी सत्यनारायण करायला तयार होते पण दोघांना जोडीने बसवणार नाही म्हणाले, मग आईबाबा बसले पूजेला आणि हे दोघं मागे सतरंजीवर, प्रसादाच्या पातेल्याजवळ. वसईला चर्चमध्ये पण तेच, फक्त भाषा जास्त गोड. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिसनी अशा जोड्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, लग्नविधीसारखं काही करायचं नाही या अटीवर, आणि त्यावरूनही जगभर इतका गदारोळ झाला की आफ्रिकेतल्या बिशपांनी आम्ही देणार नाही म्हणून जाहीर केलं. त्याच्या आईने फादरना तेवढंच विचारलं होतं, नुसता डोक्यावर हात ठेवाल का. फादर म्हणाले मी प्रार्थनेत आठवण ठेवीन. मला गुरुजींचा किंवा फादरांचा राग नाही आला खरं सांगायचं तर, पूजा त्यांची आहे, त्यांच्या मनाविरुद्ध कोण कशाला करवून घेईल. पण हॉल? भाजीपोळी?

तर काकू. गोरेगाव पूर्वेला घरातूनच सुरू केलेलं त्यांचं काम आहे, आता शेजारचा गाळा घेतलाय, काका हिशेब बघतात. मैत्रिणीने नंबर दिला. मी तोपर्यंत इतकी कावले होते की फोन उचलल्या उचलल्या सगळं एका दमात सांगून टाकलं, दोन मुलगे आहेत, लग्न परदेशात झालंय, तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा. पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मग म्हणाल्या, "ताई, पानं किती?" एकशे दहा म्हटलं. "दोन नवरदेव, मग गोडाचे दोन करूया ना, जिलबी आणि आणखी एक काहीतरी. आणि त्यांच्यात मटण-बिटण लागेल का? त्याची भांडी वेगळी आहेत माझ्याकडे, चार्ज पण वेगळा." बस. मला तिथेच रडू आलं, ते काही जेवणाच्या रिव्ह्यूत लिहायची गोष्ट नाही पण आलं.

भाऊ नंतर म्हणाला की ताई, तिकडे समलिंगी लग्नाचा कायदा होऊन वर्षं झाली तरी भांडण याच काउंटरवर येऊन अडतं. नेदरलँड्स जगात पहिले, १ एप्रिल २००१ ला रात्री बारा वाजता ॲम्स्टरडॅमच्या महापौरांनी, योब कोहेननी, स्वतः चार जोड्यांची लग्नं लावली, आणि तरी तिथे धर्माचं कारण देऊन अशी लग्नं लावायला नाही म्हणणारे नोंदणी अधिकारी होतेच, यापुढे असे लोक नेमायचे नाहीत हा कायदा यायला २०१४ उजाडलं. अमेरिकेत २६ जून २०१५ ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या देशात मान्यता दिली आणि सप्टेंबरात केंटकीत किम डेव्हिस नावाच्या काउंटी क्लार्क बाई लायसन्सच देईनात, लग्नाचं हां, देवाच्या अधिकाराने म्हणे, पाच दिवस जेलमध्ये बसल्या पण बधल्या नाहीत. तिथे मात्र मला गुरुजींचा न्याय लावता येत नाही हां, पगार सरकारचा घ्यायचा आणि खिडकीत बसून शिक्का द्यायचा नाही म्हणजे काय.

आणि केकवाले! अमेरिकेतल्याच कोलोरॅडोचा बेकरीवाला जॅक फिलिप्स, त्याने २०१२ मध्ये दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नकार दिला ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात, आणि २०१८ मध्ये सात विरुद्ध दोनने तो जिंकला. जिंकला म्हणजे, राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या धर्माबद्दल आकसाने वागणूक दिली म्हणून, केक नाकारता येतो की नाही हा मूळ प्रश्न कोर्टाने तसाच बाजूला ठेवला. त्याच वर्षी तिकडे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या एका बेकरीचाही निकाल तिच्या बाजूने लागला, तिथे केकवर समलिंगी लग्नाला पाठिंबा द्या असं लिहून हवं होतं. माझा नवरा म्हणतो, लिहायला नकार आणि विकायला नकार यात फरक आहे. असेल. पण मी जेव्हा देव किचनमध्ये असलेल्या त्या माणसाशी फोनवर बोलत होते तेव्हा मी काही त्याला पुरणपोळीवर घोषणा लिहायला सांगत नव्हते.

आपल्याकडे तर कायदाच नाही त्यामुळे भांडणाला अजून तोंडच फुटायचंय. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी लग्नाचा मूलभूत हक्क नाही, संसदेने बघावं असं सांगितलं, पुनर्विचार याचिका पण जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. त्या केसमध्ये जमियत उलेमा-ए-हिंदपण विरोधात आणि अखिल भारतीय संत समितीपण विरोधात, एरवी एका मांडवात दिसणार नाहीत पण इथे पंगत एकच.

असो, जेवण. हॉल मिळाला नाही म्हणून सोसायटीच्या गच्चीवर केलं, सेक्रेटरींच्या फॉर्मवर कारण 'घरगुती स्नेहभोजन'. काकूंची माणसं साडेआठला हजर, सहा जणं, पैकी एक मुलगा जिलबीवाला, त्याने कढई वाऱ्याच्या आडोशाला पाण्याच्या टाकीमागे लावली, हुशार. मसालेभात मोकळा, गोडा मसाला नेमका, काजू मोजून टाकलेले नव्हते. अळूवडी कुरकुरीत पण एकेकालाच मिळाली, मागितल्यावर पंचवीस मिनिटं. बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर नेहमीसारखी. डाळिंब्यांची उसळ मात्र, वसईच्या एका मावशींनी तिची रेसिपी घ्यायला काकूंना जिन्यातच गाठलं. मटण वसईकरांच्याच पद्धतीचं हवं म्हणून वसईच्या नवरदेवाच्या आईने मसाला घरून दिला होता, काकूंनी वास घेतला, चमचाभर कमी टाकला, आणि कोणाला कळलंही नाही. गोडाचा दुसरा पदार्थ खरवस. तोंडात विरघळणारा.

आणि पानं. मी काही सांगितलं नव्हतं. टोकाला दोन पाट शेजारी शेजारी, रांगोळीची महिरप दोन्ही पानांभोवती मिळून एकच, उदबत्ती, चांदीची वाटी. वाढपी मुलाने विचारलं नवरीचं पान कुठलं, तर काकू त्याला म्हणाल्या, "दोन्ही नवरदेवाची, तूप दोघांना सारखं." उखाण्याला दोघंही नापास, भावाने तर मध्येच डच शब्द घातला. आत्या येणार नाही म्हणाली होती, ती पावणेदोनला आली, कोणाशी बोलली नाही, पण दोनदा जिलबी घेतली.

बिल ५२,८०० झालं, पान ४८० प्रमाणे, मटण आणि भांड्यांचे वेगळे. काकांनी हाताने लिहिलेलं, वर 'श्री', खाली 'लग्नाचे जेवण, ११० पाने', आणि पुढे दोघांची नावं. भावाने ते घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवलं, म्हणाला भारतात याच कागदावर लग्न लिहिलंय.

आता नाव का टाकत नाहीये. काकूंनीच सांगितलं. मागे एकदा अशाच एका ऑर्डरचा फोटो स्टेटसला टाकला होता तर भंडाऱ्याची दरवर्षीची मोठी ऑर्डर गेली, देणाऱ्यांनी कारण सांगितलं नाही पण स्टेटस बघितल्याचं दिसत होतं. "चांगलं लिहा ताई, पण नाव नको, मला सगळ्यांनाच वाढायचंय." मला आधी रागच आला, मग वाटलं सहा माणसांचा पगार मी थोडीच देते.

ज्यांना खरंच हवंय त्यांनी मला मेसेज करा, त्यांना विचारून नंबर देते. सत्तर पानांच्या खाली घेत नाहीत, पंधरा दिवस आधी सांगावं लागतं, गणपतीत बंद. अळूवडीचा आकडा आधीच ठरवून घ्या. आणि मठ्ठा सांगू नका, सोलकढी सांगा.