खुनी कळला तरी परत बघावीशी वाटते ती सिरीयल

डिटेक्टिव्ह सिरीयलला मार्क द्यायची माझी एकच कसोटी आहे, खुनी कोण ते आधीच माहीत असताना परत बघवते का. बघवली तर चांगली, नाहीतर एकदा बघितली, झालं, विषय संपला. ही कसोटी काय मी विचार करून काढलेली नाही, ती भारनियमनातनं आली. सांगलीत तेव्हा लाईट जायच्या वेळा ठरलेल्या असायच्या. विश्रामबागेत आमच्याकडं सीआयडीचा रिपीट एपिसोड जरा रंगात आला, एसीपी प्रद्युम्न हात फिरवत "कुछ तो गडबड है" म्हणाले की भप्पकन सगळं बंद, आणि मिरजेत मात्र लाईट असायची कारण तिथली वेळ वेगळी. मग सासूबाई मिरजेला नणंदेला फोन लावायच्या, "काय गं, कुणी मारलं शेवटी?" तिकडनं "अगं आई, त्या मॅनेजरनं" असं आलं की ह्या निवांत शेंगा फोडायला लागायच्या. पुढं कधी तोच एपिसोड लागला तर म्हणायच्या, बदल गं चॅनेल, मॅनेजर आहे त्यात.

तर सीआयडीला माझ्याकडनं पाचपैकी अडीच. शिव्या देऊ नका, मी पण त्यावरच वाढले. 1998 ला सुरू झालेली सिरीयल 2018 पर्यंत चालली, दीड हजाराच्या वर एपिसोड झाले आणि 2024 च्या शेवटी परत आली, एवढं प्रेम उगाच कुणाला मिळत नाही. 2004 ला त्यांनी एकही कट न घेता सलग 111 मिनिटांचा एपिसोड केला होता, रेकॉर्ड बुकात गेलेला, तो आजही बघा की, कॅमेरा कसा फिरवला असेल ह्यासाठी तरी बघा. पण एरवी काय होतं, डॉ. साळुंखेंच्या लॅबमध्ये एक थेंब मशीनमध्ये घातला की नाव-गाव-पत्ता सगळं बाहेर, मग दयानं दरवाजा तोडायचा, मग एक थप्पड आणि कबुली. आपण डोकं चालवायचं कधी? पुरावा आपल्यासमोर ठेवलाच नाही तर परत बघून शोधायचं काय? माणसं आवडतात म्हणून बघतो आपण, केस कुणाला आठवते? शिवाजी साटम आणि दिग्दर्शक बी. पी. सिंग ह्या जोडीनं त्याच्या आधी मराठीत एक शून्य शून्य केली होती, दूरदर्शनवर. तिचा साधेपणा मला सीआयडीपेक्षा जास्त आवडतो, पोलीस स्टेशन हे पोलीस स्टेशनसारखं दिसायचं.

आता खरी आवडती. ब्योमकेश बक्षी, 1993, बासू चॅटर्जींची, रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना त्याचा मित्र अजित. पाचपैकी पाच, वाटल्यास सहा घ्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं रामायण-महाभारताबरोबर ही पण परत दाखवली, तेव्हा आमच्या घरात नव्यानं वेड लागलं. ब्योमकेशची बायको सत्यवती आली तशा सासूबाई ओरडल्या, "अगं ही तर आपली आभाळमायातली सुकन्या!" आणि मग त्या दिवशी केस राहिली बाजूला, ती किती बारीक होती तेव्हा ह्यावर चर्चा.

पुढच्या परिच्छेदात एक गुपित फोडणार आहे, बघितली नसेल तर उडी मारून पुढं जा.

ग्रामोफोनच्या पिनेची केस. कलकत्त्यात रस्त्यानं चाललेली माणसं अचानक कोसळतात आणि छातीत ग्रामोफोनची पिन सापडते. बंदुकीचा आवाज नाही, जवळ कुणी आलेलं नाही. एक माणूस वाचतो कारण पिन त्याच्या खिशातल्या घड्याळाला लागते. आणि हत्यार काय निघतं, तर सायकलची घंटी! घंटी वाजवली की पिन सुटते, घंटीच्या आवाजात सुटल्याचा आवाज लपतो, गर्दीत सायकलवाल्याकडं कोण बघणार. आता हे कळल्यावर परत बघा. पहिल्यांदा बघताना घंटीकडं कुणाचं लक्ष जात नाही, दुसऱ्यांदा बघताना रस्त्यावरची प्रत्येक सायकल संशयित वाटते, आणि मुख्य म्हणजे लेखकानं सगळं समोर ठेवलेलं होतं, आपणच बघितलं नाही हे कळतं. ही गोष्ट शरदिंदु बंद्योपाध्यायांनी 1932 च्या सुमारास लिहिली, तेव्हा फॉरेन्सिक लॅब नाही, सीसीटीव्ही नाही, नुसता मेंदू. सेट गरीब आहेत, प्रकाशयोजना काही ठिकाणी अगदीच दूरदर्शनी आहे, त्याचं काही वाटत नाही हो. ब्योमकेश धोतर-कुडता घालून शांत बसतो, ओरडत नाही, आणि स्वतःला डिटेक्टिव्ह पण म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो.

करमचंद (1985) बद्दल थोडक्यात: पंकज कपूर, गाजर, "शट अप किटी". मजा येते, पण केससाठी नाही, त्या माणसासाठी. साडेतीन. 2007 ला परत काढलेली मी दोन-चार एपिसोडात सोडली. आणि मराठीतली अस्मिता पण घरात नियमानं बघितली जायची, मयुरी वाघ छान होती, फक्त घरच्यांपासनं काम लपवायची भानगड इतकी लांबायची की चोर मागं आणि घरचं राजकारण पुढं.

इंग्रजीतल्यांपैकी कोलंबोला कसोटीची गरजच नाही, कारण तिथं खुनी पहिल्या वीस मिनिटांत दाखवूनच टाकतात! कोण हा प्रश्नच नाही, हा चुरगळलेल्या रेनकोटातला माणूस त्याला पकडतो कसा एवढंच. 1971 ला रेग्युलर सिरीयल सुरू झाली त्याचा पहिला एपिसोड स्पीलबर्गचा आहे, तेव्हा तो पोरगाच होता. कोलंबो झालेला पीटर फॉक दारापर्यंत जातो, खुनी सुटलो म्हणून श्वास सोडतो, आणि हा वळून "अजून एकच विचारायचं राहिलं" म्हणतो. मी शेजारी बसून सासूबाईंना मराठीत सांगते, त्या म्हणाल्या हा आपल्या झेडपीतल्या जुन्या हेडक्लार्कसारखा आहे, फाईल हातात देता देता एक कागद कमी काढणारा. अगदी बरोबर. आणि खुनी नेहमी पैसेवाला, शिकलेला, समोरच्याला येडा समजणारा, म्हणून बघायला जास्तच गोड लागतं.

डेव्हिड सुशेचा पॉयरो, म्हणजे अगाथा ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह, पण पाचपैकी पाच, 1989 ते 2013, 70 एपिसोड, एकाच नटानं एवढी वर्षं मिशी आणि ती तुरुतुरु चाल सांभाळली. सुरुवातीचे हलके आहेत, शेवटचे जड आणि काळोखे होत जातात, रात्री जेवून बघायला सुरुवातीचेच घ्या.

ह्या कसोटीत नापास होऊनही मी पूर्ण मार्क देईन अशी एकच, दिल्ली क्राईमचा पहिला सीझन (2019). शेफाली शाह काय काम करते, सिरीयलला आंतरराष्ट्रीय एमी उगाच नाही मिळालं. पण ती खऱ्या घटनेवरची आहे, 2012 च्या, आणि परत लावायची माझी छाती नाही. पोरंबाळं झोपल्यावर बघा, एकटीनं नको.

आणि ब्रॉडचर्च, 2013 ची. लहान गाव, समुद्रकिनारा, एका अकरा वर्षांच्या पोराचा खून, आठ एपिसोड. पेपरवाला, धर्मगुरू, प्लंबर, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि तपास करणारी बाई पण त्याच गावची. सांगलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला हे जास्त लागतं, कारण आपल्याकडं पण भाजी घेताना अर्धा गाव भेटतो आणि कोण कुणाचा काय लागतो ते पाठ असतं, मग संशय घ्यायचा कुणावर? ती बाई झालेल्या ऑलिव्हिया कोलमनचा शेवटच्या एपिसोडातला चेहरा, तो खुनी माहीत असताना परत बघा, आधीच्या सात एपिसोडांतलं तिचं घरातलं साधं बोलणं पण वेगळंच ऐकू येतं. दुसरा सीझन कोर्टात रेंगाळतो, तो नाही बघितला तरी चालेल, तिसरा बरा आहे.